चाकाला लागलेलं तूप

मुकुटबनात मला शिक्षक म्हणून ओळखणारे कमी आणि माइकवाला म्हणून ओळखणारे जास्त. वर्गात ओरडून ओरडून कमावलेला आवाज गावाने फुकटात पळवला. गणपती असो, शंकरपट असो, नाहीतर कोणाचा सत्कार, माइक माझ्याच हातात कोंबला जातो. अलीकडे त्यात मोटारसायकलच्या शर्यतींची भर पडली आहे. पटाच्या ज्या मैदानावर बैलजोड्या धावायच्या, तिथेच मातीचे उंचवटे घालून, चर खणून आदिलाबाद, चंद्रपूर, नागपूरकडची पोरं आपल्या उंच, किडकिडीत, कर्कश गाड्या उडवतात. मला त्यातलं काडीचं कळत नाही. नाकात धूळ जाते, कान बसतात, आणि वर आयोजक येऊन सांगतात, "गुरुजी, जरा जोश आणा."

या शर्यतींत मी नीट पाहिलं ते एकाच माणसाकडे, आणि ते माणूस कधी गाडीवर बसलेलं नाही. भागीरथाबाई, आमच्या शेजारच्या. नवरा रामराव, मुलगा पिंटू. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारं घर. पिंटू पंचविशीचा, शर्यतीत धावणारा. भागीरथाबाई पन्नाशीच्या अलीकडे, अंगाने बारीक, उन्हाने रापलेल्या आणि सदा दमलेल्या. दमलेल्या म्हणजे कुरकुरणाऱ्या नव्हेत. बोलता बोलता वाक्य अर्ध्यातच सोडून द्यायच्या. पुढचं तुम्हाला कळलं असेलच, उगाच तोंड कशाला शिणवा, असा एकंदर हिशेब. मी त्यांना वहिनी म्हणतो.

शर्यतीला त्या खताच्या रिकाम्या पोत्यात पिंटूचं सामान भरून आणायच्या. पहिल्यांदा ते पोतं पाहून मला वाटलं, बाई मैदानावर हरभरा विकायला बसणार आहेत. त्यातून निघाल्या गुडघ्याच्या वाट्या, पोटरीपर्यंत येणारे जडशीळ बूट, छातीचं गार्ड, मानेभोवतीचं कडं, हातमोजे आणि शेवटी जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं हेल्मेट. पिंटू टेम्पोला टेकून उभा राहायचा आणि वहिनी खाली बसून बुटांची एकेक बक्कल लावायच्या. "हात वर कर. वळ इकडे. खोकल्यासारखं कर." खोकताना छातीचं गार्ड वर सरकलं तर पट्टा पुन्हा ओढायचा. पिंटू त्या वेळी आभाळाकडे पाहत राहायचा. आई डोक्याला तेल चोपडत असताना शाळकरी पोरगं जसं उभं राहतं, तसा. बाकीची पोरं आधी हसायची. नंतर त्यांच्यातलीच एक-दोन हळूच येऊन उभी राहायला लागली, "काकू, माहा बी पट्टा पाहा ना जरा."

हे सगळं सुरू झालं पिंटू पहिल्यांदा पडला तेव्हा. उकडतं म्हणून छातीचं गार्ड घरीच खुंटीला ठेवून गेला होता. उंचवट्यावरून गाडी एकीकडे आणि हा दुसरीकडे. खांद्याजवळचं हाड मोडलं. वणीच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तो मोबाइलवर गाडीच्या देखभालीचे हिंदी व्हिडिओ पाहायचा आणि वहिनी उशाशी बसून ऐकायच्या. व्हिडिओ त्याने पाहिले, ध्यानात वहिनींनी ठेवले. घरी आल्यावर शर्यतीनंतरची सगळी कामं आपोआप त्यांच्याकडे आली. आपोआप कसली, बायकांकडे कामं येतात तशीच आली. चेन रॉकेल लावून ब्रशने घासायची, पुसायची, तेल द्यायचं. हवेचा स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, नाहीतर फाटतो. सावलीत वाळला की त्याला त्याचं चिकट तेल चोळायचं. चाकाचे आरे पान्याने टकटक वाजवून पाहायचे. ढिला आरा भद्द वाजतो. हे सारं शेतातून आल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर.

एकदा पिंटू हेल्मेटवर आदळला. वरून ओरखडासुद्धा नव्हता. पिंटू म्हणाला, चांगलं हाये, चालते. वहिनींनी विळा घेतला आणि हनुवटीचे दोन्ही पट्टे कापून टाकले. "एकडाव मार खाल्लेलं हेल्मेट दुसरा मार खात नाही." पिंटू आठवडाभर फुगून बसला. ते हेल्मेट अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात लसूण असतो.

पण वहिनींना शिणवणारी गोष्ट गाडी नव्हती. बाप-लेकांचं बोलणं बंद होतं, ते.

रामरावांकडे पवळ्या आणि मोऱ्या अशी बैलजोडी होती. पिंटूचं म्हणणं, नांगरणी ट्रॅक्टरने होते, मग यांना चारायचं कोणी? रामरावांचे गुडघेही गेले होते. जोडी बाजारात गेली. त्याच उन्हाळ्यात पिंटूने नागपूरच्या एका पोराची जुनी गाडी आणली आणि जागा नव्हती म्हणून रिकाम्या गोठ्यात लावली, बरोबर बैल बांधायच्या खुंट्याशी. दुसरी जागा नव्हती हे खरं. पण रामरावांना त्यात दिसायचं ते वेगळंच. त्या दिवसापासून त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं. लेकही बापाचाच. एकाच ओसरीवर दोघं पाठमोरे बसायचे आणि निरोप वहिनींमार्फत जायचे.

"त्याले सांग, विहिरीवरची मोटर बंद कर म्हणा."

"बाबाले सांग, कवाचीच केली."

मध्ये वहिनी भाकरी थापत. मी एकदा चिडून म्हणालो, "वहिनी, तुम्ही पोस्टात नोकरीला लागा, पगार तरी मिळेल." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, शेतातून आल्यावर हात-पाय दुखतात ते समजते. माहं डोकं दुखते, ते या दोघायच्या पायी." दोन पोळे असे गेले. बैल नसलेल्या घरात पोळ्याच्या दिवशी रामराव सकाळीच शेतात निघून जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे.

यंदाचा पोळा मात्र पिंटूसाठी मोठा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पटाच्या मैदानावर शर्यत होती आणि नागपूरच्या एका संघाची माणसं पोरं निवडायला येणार होती. निवड झाली की गाडी, सामान, सराव, सगळं त्यांच्याकडून. पिंटू महिनाभर त्याच नादात होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप आणि हळद कोमट करायची, पळसाच्या पानांनी बैलाच्या खांद्याला चोळायची आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, त्याचं हे देणं. मी किराणा घेऊन घरी येत होतो. रामरावांच्या गोठ्यातून हळद-तुपाचा वास आला म्हणून डोकावलो. पितळी वाटी घेऊन रामराव गाडीपाशी उभे होते. हँडलच्या खाली, पुढच्या शॉकअपला दोन्ही बाजूंनी, जिथे बैलाचा खांदा आला असता तिथे, पळसाच्या पानाने तूप चोळत होते. मग गुडघे धरत खाली बसले आणि पुढच्या चाकाच्या चकचकीत डिस्कला, खुरांना लावावं तसं, आतून-बाहेरून तूप लावलं. तोंडाने पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू फुटणार होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि गुमान पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला मी त्यांच्याकडेच होतो. पिंटूने सकाळी गोठ्यात हळदीची बोटं आणि पळसाची पानं पाहिली. ओसरीवर आला, जरा घुटमळला, आणि माझ्याकडे पाहत, पण बापाला म्हणाला, "बाबा, गाडीले आवतन देल्लं का?"

रामराव सुपारी कातरत होते. हात थांबला. "देल्लं," म्हणाले. "दोन वरसाची उपाशी होती बिचारी."

पिंटू हसला. रामरावही हसले. मग पवळ्या कसा पुरणाची पोळी गिळायचा आणि मोऱ्या कसा नुसता हुंगून बाजूला करायचा, ते निघालं. लेक विचारत होता, बाप सांगत होता, मध्ये कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून जळका वास आला. वहिनी दारात उलथनं धरून उभ्या होत्या आणि तव्यावरची पोळी काळी झाली होती. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. नुसतं ऐकत होत्या.

जेवणं झाल्यावर त्या नेहमीप्रमाणे उद्याच्या शर्यतीसाठी गाडी पाहायला गोठ्यात गेल्या. निरोप घ्यायला म्हणून मी तिकडे गेलो तर जमिनीवर बसलेल्या. पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहिली होती. चाक थांबत नव्हतं. डिस्कवरून फिरवलेलं बोट पिवळं झालं होतं.

"गेलं, गुरुजी."

"काय गेलं?"

"ब्रेक."

"अहो, तूप आहे, पुसून टाका."

"डिस्क पुसता येते. ब्रेकचं पॅड तूप पेते." पिवळं बोट मला दाखवलं. "अन् पेलेलं मंग सोडत नाही. नवेच लागतात."

ओसरीवरून बाप-लेकांचा आवाज येत होता. आता ट्रॅक्टर आणि बैलाच्या नांगरटीत काय फरक, यावर वाद चालला होता, पण गोडीगुलाबीचा. वहिनी ऐकत बसल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "काल तुम्ही इकडून गेलते ना?"

"गेलो होतो. रामरावभाऊ चाकाला—"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही पाह्यलं नाही."

मला कळायला वेळ लागला. तोवर त्या उठल्या होत्या, पदराला हात पुसला आणि हाक मारली, "पिंटू, इकडे ये रे. चाकाले तूप लागलं. म्या लावलं."

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पिंटूने पॅड काढले, पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपरने घासले. कोणीतरी सांगितलं, जाळून पाहा, तर गॅसवर चिमट्यात धरून तापवले. पॅडमधून तूप उकळून बाहेर यायला लागलं आणि घरभर फोडणीसारखा वास सुटला. तरी लावून गल्लीत चालवली. ब्रेक नुसता गुळगुळीत. नागपूर, यवतमाळ, फोन लावून लावून थकला. पोळ्यामुळे निम्मी दुकानं बंद आणि त्या गाडीचे पॅड मागवल्याशिवाय कुठेच नाहीत. वहिनी एकदा म्हणाल्या, "नुसत्या मागच्या ब्रेकवर नोको जाऊ हं," तेव्हा तो फाटकन वळला.

"तुले तर मालूम हाये ना व आई! बाबानं खांद्याले लावलं, तेवढं ठीक होतं. चाकाले काहून लावलं तू?"

"पोळ्याचा दिवस हाये. मले वाटलं, एखाद्या दिवसानं काय होते."

"काय होते?" त्याचा आवाज चिरकला. "एवढे दिवस गाडी धुतली अन् तुले हे समजलं नाही? आजपासून माह्या गाडीले हात नोको लावू. सामानाले बी नोको लावू. काहीच नोको करू तू!"

शेजारपाजारचे जमले होते. पलीकडच्या घरातल्या मोतीबाई कुंपणावरून पाहत होत्या. रामराव ओसरीच्या खांबाला धरून उभे. त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं. वहिनींनी मान किंचित हलवली. रामरावांनी तोंड मिटलं. मला इतका संताप आला की चप्पल घालायचीही शुद्ध राहिली नाही, अनवाणीच घरी आलो. राग पिंटूवर नव्हता. त्याचं स्वप्न मोडलं होतं, तो कोणावर तरी ओरडणारच. राग त्या खांबाला धरलेल्या माणसावर होता.

दुसऱ्या दिवशी पिंटू शर्यतीत उतरलाच नाही. नागपूरकरांनी आदिलाबादचं एक पोर निवडलं आणि ते नाव मलाच माइकवर घ्यावं लागलं.

त्यानंतर त्या घराची उलटापालट झाली. नवे पॅड आले, ते बसवायला पिंटूने बापाला हाताशी घेतलं. रोज संध्याकाळी दोघं गोठ्यात. रामराव गुडघेदुखी विसरून गाडीशी खाली बसायचे. पिंटूचं हसणं माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं. आणि वहिनी ओसरीवर तूर निवडत बसलेल्या, पाहत. बापाने फिल्टर पेट्रोलमध्ये बुचकळून ओल्या धोतरासारखा पिळला, त्यांनी पाहिलं. हेल्मेट धुऊन भर उन्हात पत्र्यावर ठेवलं, पाहिलं. एकदा हात आपोआप बुटांकडे गेला तर पिंटू लांबूनच म्हणाला, "राहू दे, आई." वाईट बोलला नाही. पण हात मागे आला.

वेचणी सुरू झाली. एका संध्याकाळी शेतातून परतताना त्या वाटेत भेटल्या, कापसाने भरलेलं गाठोडं डोक्यावर. मी सरळ तोंड सोडलं. म्हणालो, हा काय तमाशा चालवलाय? जो करतो तो मजेत आणि तुम्ही गुन्हेगार. मी सांगतो पिंटूला, आजच सांगतो.

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. माझा हात धरणार नाहीत, बाईमाणूस. पण धरल्यासारखंच उभ्या राहिल्या.

"नोको, गुरुजी. सांगतलं तर पुन्हा तोंडं फिरवतीन. त्याच्या बाबानं एवढ्या दिवसानं आपल्या हातानं काही केलं अन् त्यानंच पोराचं नुकसान झालं, हे त्यायले पचन का? मरून जाईन तो माणूस. अन् पिंट्याले मंग राग आवरन का? आता बोलून राह्यले ना. बोलू द्या."

"आणि गाडी? तुम्हाला दिसतंय ना ते काय करतात?"

या प्रश्नावर त्या खाली बसल्या, बांधावरच. "दिसते," म्हणाल्या. "झोप येत नाही. पहाटे उठून गोठ्यात जावं वाटते, नट पाहावे वाटते. पण त्यानं नोको म्हटलं ना." मग एकदम, "मी लय थकली, गुरुजी. काम करून नाही थकली. पाहून थकली." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं. मी गाठोडं उचलून त्यांच्या डोक्यावर दिलं आणि घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

दिवाळीनंतरची शर्यत पटाच्या मैदानावरच होती. धूळ, ऊन, भज्यांची दुकानं, मंडपात पाहुणे. वहिनी दोरीच्या अलीकडे, बायकांच्या घोळक्यात, मोकळ्या हातांनी उभ्या होत्या. पोतं आता रामरावांकडे होतं. गाड्या रांगेत लागल्या. माझ्या हातात माइक, शेजारी झेंडा घेतलेला माणूस. मी पोरांची नावं घेत होतो. पिंटूच्या नावाशी आलो आणि पाहिलं तर वहिनी दोरीखालून वाकून आत येत होत्या.

त्यांना काय दिसलं ते मला नंतर कळलं. रांगेतल्या बाकी गाड्यांच्या चेनला खालून जरासा झोळ होता. पिंटूची चेन खाटेच्या सुतळीसारखी ताणलेली. ती आवळली होती रामरावांनी, आयुष्यभर बैलांच्या गळ्यातले जोते आवळलेल्या माणसाने. दोर म्हटला की तो ताठच हवा, ढिला दोर म्हणजे कामचुकार माणसाचं लक्षण, असं ते मानायचे. पण उंचवट्यावरून उडून गाडी खाली आदळली की मागचं चाक वर दबतं आणि चेनला तेव्हा मोकळी लांबी लागते. ती नसेल तर चेन तुटते, नाहीतर चाकच अडकवते. पुढे मग अंगावर काय घातलंय, तेवढंच उरतं.

त्या धावत नव्हत्या. शेतात ज्या चालीने जातात त्याच चालीने रांगेपर्यंत गेल्या आणि पिंटूच्या गाडीशी खाली बसल्या. चेन बोटाने वर उचलून पाहिली. हलेना. शेजारच्या पोराला म्हणाल्या, "पाना दे रे बापू."

"आई!" पिंटू हेल्मेटच्या आतून ओरडला. इंजिनं चालू होती तरी ऐकू आलं. "हो बाजूले! पुन्हा तूप लावाले आली का?"

रांगेतली पोरं हसली. दोरीपलीकडची माणसंही हसली. पोळ्याची गोष्ट गावभर झालेली होती. झेंडेवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वखुशीने लांबण लावली. मंडपातल्या पाहुण्यांची, त्यांच्या तीर्थरूपांची, तालुक्याच्या परंपरेची तोंडभरून स्तुती सुरू केली. झेंडेवाला बिचारा झेंडा खाली धरून उभा राहिला.

रामराव पोतं घेऊन तिथेच उभे होते. मी बोलत होतो, पण डोळे त्यांच्यावर होते. माझ्या मनात दोन महिने साठलेल्या शिव्या होत्या आणि मी त्या पाहुण्यांच्या स्तुतीत गुंडाळून गिळत होतो. रामराव दोन पावलं पुढे आले.

"तिले करू दे," म्हणाले. मग मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तूप म्या लावलं होतं. चाकाले बी म्याच लावलं. तिनं तर हात बी लावला नव्हता. तिनं सोतावर घेतलं अन् म्या घेऊ देल्लं."

रांगेतलं हसणं बंद झालं. पिंटू गाडीवर तसाच, दोन्ही पाय जमिनीला. गॉगलमागे त्याचा चेहरा दिसत नव्हता.

वहिनींनी मान वर केली नाही. मागच्या चाकाचा नट ढिला करता करता नवऱ्याला म्हणाल्या, "आत्ताच कायले सांगतलं? त्याले गाडी चालवाची हाये ना." आवाजात राग होता. मग चाक जरा पुढे घेतलं, चेनला झोळ दिला, नट आवळला, दोन्ही बाजूंच्या खुणा वाकून पाहिल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवला. पिंटूपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "खोक."

तो हलला नाही.

"खोक म्हटलं ना."

पिंटू खोकला. त्यांनी छातीच्या गार्डचा पट्टा एक घर ओढला, हनुवटीखालचा पट्टा पाहिला, शेजाऱ्याचा पाना त्याला परत दिला आणि दोरीकडे चालू लागल्या. मी पाहुण्यांना मध्येच सोडून दिलं. झेंडा पडला.

पिंटू जिंकला नाही. त्याचं नाव पहिल्या पाचांतही आलं नाही. प्रत्येक उंचवट्यावर तो वर गेला की मी माइकवरचं वाक्य अर्ध्यातच सोडायचो आणि तो खाली नीट टेकला की पुरं करायचो. लोक म्हणाले, गुरुजी आज घसा बसला वाटते. शर्यत संपली, पिंटू धडधाकट उतरला, हेल्मेट काढलं, आणि कोणाशी न बोलता गाडी टेम्पोत चढवायला लागला. मीही त्याच टेम्पोतून परतलो. रामराव ड्रायव्हरशेजारी, पिंटू मागे गाडीला धरून, वहिनी माझ्या समोर पोत्यावर बसलेल्या. गावापर्यंत कोणी अवाक्षर काढलं नाही. रामरावांनी एकदा मागे वळून पाहिलं. पिंटू रस्त्याकडे पाहत होता. मला वाटलं, झालं. बाईने एवढं सोसून जे जोडलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. शाळेला सुटी होती. म्हटलं, जाऊन दोघांनाही चार शब्द सुनवावे. आज मी शेजारधर्म वगैरे काही पाहणार नव्हतो. रस्त्यातच वाक्यं जुळवली, चांगली झणझणीत. त्यांच्या शेतात वेचणी चालू होती, म्हणजे वहिनी घरी नसणार, हेही बरंच होतं.

अंगणात रामराव आणि पिंटू. गाडी मध्ये, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. बाप चेन पुसत होता, लेक धुळीने माखलेले बूट घासत होता. दोघंही गप्प. पाना लागला तर रामराव बोटाने दाखवायचे आणि पिंटू तो काढून द्यायचा, तोंडातून शब्द नाही. माझं डोकं भणाणलं. पुन्हा तेच, पुन्हा दोन वर्षं. आता निरोप वाहायला त्या बाईच्या अंगात त्राण तरी उरलंय का, हे विचारायचं कोणी?

"रामरावभाऊ!" मी फाटकातूनच, पटाच्या मैदानावरच्या आवाजात सुरुवात केली.

दोघंही एकदम उठले. रामरावांनी दोन्ही हात हलवले. पिंटू हातातला बूट तसाच धरून, पाय न वाजवता माझ्याकडे धावत आला. त्याच्या मागे ओसरीवर मला खाट दिसली आणि खाटेवर, भर दुपारी, वेचणीच्या दिवसांत, भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडलेल्या वहिनी. डोक्याखाली उशीसुद्धा नव्हती. अंगावर कोणीतरी पातळ चादर टाकली होती.

"हळू बोला, गुरुजी," पिंटू कुजबुजला. त्याचे डोळे लाल होते. "सकाळपासून झोपली हाये. आम्ही बी बोलून नाही राह्यलो."